मंजूर, मंजूर!

१४ ऑगस्ट २०२० ची रात्र विसरू म्हटले तरी आम्हाला विसरता येत नाही. लिस्बनमध्ये रात्रीचे आठ वाजले होते. आपल्याकडे साडेबारा, म्हणजे तारखेने स्वातंत्र्यदिन उजाडला होता. महासाथीमुळे मैदान रिकामे होते. त्या रिकाम्या मैदानावर बायर्न म्युनिकने बार्सिलोनाला आठ विरुद्ध दोन गोलांनी हरवले, आणि आठांपैकी शेवटचे दोन गोल फिलिपे कुटिन्योने केले. हा कुटिन्यो कायद्याने बार्सिलोनाचाच खेळाडू होता. जानेवारी २०१८ मध्ये लिव्हरपूलकडून त्याला आणताना बार्सिलोनाने अटी-शर्तींसह १६ कोटी युरोंपर्यंत जाणारा व्यवहार केला होता, आणि नंतर त्याला बायर्नकडे उसना दिला होता. आपल्याच पैशाने आणलेली काठी शेजाऱ्याला उसनी द्यावी आणि त्याने तीच आपल्या पाठीत घालावी, असा हा प्रकार. आम्ही पडद्यासमोर बसून हळहळलो, प्रशिक्षकाला शिव्या घातल्या आणि झोपी गेलो.

त्यानंतर वर्ष उलटायच्या आत, ८ ऑगस्ट २०२१ च्या रविवारी दुपारी, लिओनेल मेस्सी काम्प नोऊमधल्या सभागृहात रडताना आम्ही पाहिला. तीन दिवसांपूर्वीच क्लबने निवेदन काढून तो यापुढे आपल्याकडे खेळणार नाही असे जाहीर केले होते. दोन दिवसांनी त्याने पॅरिस सेंट-जर्मेनच्या करारावर सही केली. आम्हीही रडलो. पण अश्रू हे आकलनाचे साधन नव्हे, आणि त्या दुपारनंतर आमच्या चाहतेबांधवांनी जी कथा रचली व आजवर जिवापाड जपली ती कथा आम्हाला मान्य नाही. या लेखाचे प्रयोजन एवढेच.

ती कथा तीन पाठांतरांत सांगितली जाते. पहिले पाठांतर म्हणते की महासाथ आली, तिजोरी रिकामी झाली, नियतीपुढे कोणाचे चालते? दुसरे म्हणते की स्पॅनिश लीगच्या जाचक वेतनमर्यादेने घात केला. मेस्सी निम्म्या पगारावर राहायला तयार असताना नियमाने त्याला दाराबाहेर काढले. तिसरे, जरा दबक्या आवाजातले, म्हणते की मेस्सीनेच क्लब पोखरला. एवढा पगार घेणारा माणूस रडतो कशाला? या तिन्ही पाठांतरांत एक समान सोय आहे. तिन्हींत चाहता निर्दोष राहतो.

आमचे म्हणणे असे की ५ ऑगस्ट २०२१ ला कोणताही निर्णय झाला नाही. त्या दिवशी फक्त निकाल वाचून दाखवला गेला. निर्णय आधीच्या चार उन्हाळ्यांत झाले होते, एकेका कराराने, एकेका सहीने. आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येक सहीवर आम्ही चाहत्यांनी टाळी दिली होती.

इथे कोणी विचारील की फुटबॉलच्या करारांची उठाठेव साहित्यचिकित्सेच्या नादी लागलेल्यांनी का करावी. उत्तर सोपे आहे. करार ही एक संहिता असते. तिला लेखक असतो, वाचक असतो, आणि बहुतेक संहितांप्रमाणे तिच्यातला खरा अर्थ ठळक अक्षरांत नसून उपकलमांत असतो. सामन्याचे वर्णन शब्दाशब्दाने चघळणारे आम्ही रसिक ही संहिता मात्र न वाचताच तिच्यावर अभिप्राय देतो. न वाचता समीक्षा करणाऱ्यांना आपण अन्यत्र काय म्हणतो, ते इथे पुन्हा सांगायला नको.

तर आता वाचनाला बसू.

३ ऑगस्ट २०१७ रोजी पॅरिस सेंट-जर्मेनने नेमारच्या करारातली मुक्ततेची रक्कम, २२ कोटी २० लाख युरो, भरली आणि नेमारला नेले. फुटबॉलच्या इतिहासात तोवर एवढी रक्कम कोणत्याही खेळाडूसाठी दिली गेली नव्हती. शहाण्या घरात जमीन विकून पैसा आला की तो काही काळ बँकेत पडून राहू देतात. बार्सिलोनाने तीन आठवड्यांत उस्मान डेम्बेलेला साडेदहा कोटी युरो अधिक सशर्त रकमा मोजून आणले आणि पुढच्या पाचसहा महिन्यांत कुटिन्योला. बाजारातल्या प्रत्येकाला ठाऊक होते की या गिऱ्हाइकाच्या खिशात रोख आहे, त्याला घाई आहे आणि त्याचे चाहते चिडलेले आहेत. अशा गिऱ्हाइकाला कोणता दुकानदार भाव कमी करून देतो? घाई संचालकांना होती हे खरे. पण ती घाई त्यांच्यात आली कोठून? ‘नेमारच्या जागी कोण?’ हा प्रश्न त्या महिन्यात दिवसातून दहादा विचारणारे आम्हीच होतो.

इथे हिशेबाची एक साधी रीत समजून घेणे भाग आहे, कारण सारी मेख तिच्यात आहे. खेळाडू विकत घेतला की त्याची किंमत हिशेबवहीत एकदम खर्ची पडत नाही. ती कराराच्या वर्षांत समान विभागली जाते. बारा कोटींचा खेळाडू पाच वर्षांच्या करारावर आणला तर वहीत दर वर्षी दोन कोटी चाळीस लाखांचा खर्च दिसतो. आपल्याकडच्या शब्दांत जवळजवळ घसाराच. उलट खेळाडू विकला तर त्याच्या वहीतल्या उरलेल्या किमतीवर मिळालेला सगळा नफा त्याच वर्षी जमेस धरला जातो. म्हणजे खरेदीचे दुखणे पाच वर्षांत वाटले जाते आणि विक्रीचे सुख एका दिवसात मिळते. ज्याला आजचा ताळेबंद सजवायचा आहे आणि उद्याची काळजी करायची नाही, त्याला याहून सोयीची रीत सापडणार नाही.

ही रीत टोकाला नेऊन दाखवणारा व्यवहार २९ जून २०२० रोजी झाला. बार्सिलोनाने तेवीस वर्षांच्या आर्थरला ७ कोटी २० लाख युरो अधिक सशर्त रकमेला युव्हेंटसकडे पाठवले, आणि त्याच युव्हेंटसकडून तिशीतल्या मिरालेम प्यानिचला ६ कोटी युरो अधिक सशर्त रकमेला घेतले. क्लबचे आर्थिक वर्ष ३० जूनला संपते. तारखांकडे पाहा आणि वयांकडेही पाहा. तरुण मध्यरक्षक देऊन सहा वर्षांनी मोठा मध्यरक्षक घेणे हा खेळाच्या दृष्टीने काय विचार होता, हे आम्हाला आजवर कोणी पटवून दिलेले नाही. वहीच्या दृष्टीने विचार उघड होता: आर्थरच्या विक्रीचा नफा त्या वर्षात, प्यानिचची किंमत पुढच्या चार वर्षांत. प्यानिच बार्सिलोनात एक हंगाम खेळला, मग उसना गेला आणि २०२२ मध्ये त्याचा करार मुदतीआधीच संपवण्यात आला. फुटबॉलपटूंची अदलाबदल झाली असे आपण म्हणालो. प्रत्यक्षात दोन आकड्यांची अदलाबदल झाली होती, माणसे फक्त आकड्यांबरोबर गेली.

मधल्या काळात, जुलै २०१९ मध्ये, अठ्ठावीस वर्षांच्या आंत्वान ग्रिझमानला १२ कोटी युरोंची मुक्ततेची रक्कम भरून पाच वर्षांच्या करारावर आणले गेले. ज्या जागेवर तो उत्तम खेळत असे त्या जागेवर मेस्सी आधीपासून खेळत होता, हे शाळकरी मुलालाही दिसत होते. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी, म्हणजे मेस्सी गेल्यावर तीन आठवड्यांनी, ग्रिझमान उसना म्हणून ॲटलेटिकोकडे परत गेला. आणि २०२० च्या ऑगस्टात लुईस सुआरेझला नव्या प्रशिक्षकाने फोनवरून ‘तुझी गरज नाही’ असे कळवले. तो त्याच ॲटलेटिकोकडे जवळजवळ फुकट गेला, लीगमध्ये २१ गोल केले, आणि मे २०२१ मध्ये शेवटच्या सामन्यात त्याच्याच निर्णायक गोलाने ॲटलेटिको विजेता ठरला. सुआरेझचे वय झाले होते, पगार जड होता. त्याला निरोप देणे गैर नव्हते. पण विजेतेपदाच्या प्रतिस्पर्ध्याला तो देताना त्याचे मोल शून्याच्या आसपास धरणे, आणि ग्रिझमानचे मोल बारा कोटी धरणे, या दोन निर्णयांत कोणता विवेक होता, हे सह्या करणाऱ्यांनी सांगावे.

आता पहिल्या पाठांतराकडे वळू. महासाथीचा फटका खराच होता. मैदान बंद, संग्रहालय बंद, पर्यटक नाहीत. २०२०-२१ या वर्षात क्लबचा तोटा ४८ कोटी युरोंवर गेला. परंतु जानेवारी २०२० मध्ये, साथ युरोपात पोचण्याच्या उंबरठ्यावर, हाच बार्सिलोना जगातला सर्वाधिक उत्पन्न मिळवणारा फुटबॉल क्लब म्हणून जाहीर झाला होता. २०१८-१९ चे त्याचे उत्पन्न ८४ कोटी युरो होते. एवढे कमावणाऱ्याच्या घरी दोन वर्षांची शिल्लक नसावी? रेआल माद्रिदचे नाव कौतुकाने घेताना आमची लेखणी अडखळते, पण सत्य सांगायला हवे. २०१९-२० आणि २०२०-२१ या दोन्ही वर्षांत माद्रिदने किरकोळ का होईना, नफा दाखवला. साथ दोन्ही शहरांत सारखीच होती. माद्रिदने २०१८ मध्ये तेहतिशीतल्या क्रिस्तियानो रोनाल्दोला सुमारे दहा कोटी युरोंना विकले आणि २०२१ च्या जूनमध्ये सोळा वर्षे खेळलेल्या कर्णधार सेर्जिओ रामोसशी मुदतवाढीची बोलणी फिसकटल्यावर त्याला जाऊ दिले. त्या वेळी आम्ही माद्रिदला कोरडे आणि निष्ठुर म्हणून हिणवले. महापूर दोघांच्या दारात आला. एकाचे जोते उंच होते.

तिसरे पाठांतर, मेस्सीच्या लोभाचे. जानेवारी २०२१ च्या शेवटच्या दिवशी ‘एल मुंदो’ या दैनिकाने त्याचा २०१७ चा करार छापला. सर्व अटी पूर्ण झाल्यास चार हंगामांत मिळू शकणारी कमाल रक्कम ५५ कोटी ५२ लाख ३७ हजार ६१९ युरो, करपूर्व. तिच्यात केवळ करार नव्याने केल्याबद्दल ११ कोटी ५२ लाख, आणि ‘निष्ठा’ या शीर्षकाखाली सुमारे ७ कोटी ७९ लाख. हा आकडा वाचून आम्हालाही घेरी आली. निष्ठेला उपकलम असते आणि तिच्यापुढे आकडा लिहिता येतो, हे कळल्यावर आमच्या पिढीचा एक भाबडेपणा संपला. पण त्यातून निघणारा निष्कर्ष लोक काढतात तो नव्हे. मागणे हा गुन्हा नाही. देणे हा निर्णय असतो. ज्या संस्थेला तो निर्णय परवडत नव्हता तिच्या प्रमुखाने ‘नाही’ म्हणायचे होते. आणि दुसरा आकडा याहून बोलका आहे. नवे अध्यक्ष जोआन लापोर्ता यांनी ६ ऑगस्ट २०२१ रोजी सांगितले की मेस्सीसह क्लबचा वेतनखर्च उत्पन्नाच्या ११० टक्के होतो, आणि मेस्सीशिवाय ९५ टक्के. मेस्सीशिवाय ९५! जगातला सर्वांत महागडा खेळाडू यादीतून वगळल्यावरही शंभरातले पाच उरतात, आणि त्या पाचांत वीज, प्रवास, हिरवळ, व्याज आणि खरेदी केलेल्या खेळाडूंच्या किमतीचे वार्षिक हप्ते भागवायचे. घर मेस्सीच्या वजनाने कोसळले असते तर तो उठून गेल्यावर ते सावरायला हवे होते. ते सावरले नाही, कारण वाळवी साऱ्या तुळयांना होती.

ती वाळवी कशी लागली हे पाहायचे तर २० ऑक्टोबर २०२० ही तारीख वाचावी. त्या दिवशी क्लबने पिके, टेर श्टेगन, लांगले आणि डी योंग यांच्या वाढीव मुदतीचे करार एकदम जाहीर केले. कोणाचा २०२४ पर्यंत, कोणाचा २०२५, दोघांचा २०२६. महासाथीत पगार लगेच देता येत नव्हते म्हणून ते पुढच्या वर्षांवर ढकलणे हा या करारांचा गाभा होता. त्या वेळी अध्यक्ष जोसेप मारिया बार्तोमेऊ यांच्यावर अविश्वासाचा ठराव आणण्यासाठी वीस हजारांहून अधिक सभासदांच्या सह्या गोळा झालेल्या होत्या. करार जाहीर झाल्यावर बरोबर एका आठवड्याने, २७ ऑक्टोबरला, बार्तोमेऊ यांनी राजीनामा दिला. ज्याच्या खुर्चीचे आयुष्य आठ दिवस उरले होते त्याने सहा वर्षांची देणी लिहून ठेवली. पुढे २०२२ च्या उन्हाळ्यात याच डी योंगला मँचेस्टर युनायटेडला विकण्याची खटपट झाली आणि त्याचे पुढे ढकललेले वेतन हाच वादाचा विषय बनला. वेतन खेळाडूने सोडले नव्हते, संस्थेने उसने ठेवले होते. पण लोभी म्हणून शेरेबाजी त्याच्यावर झाली, आणि ती करणारे पुन्हा आम्हीच.

मराठी वाचकाला हा सगळा प्रकार परका वाटू नये. बार्सिलोना हा कोणा शेखाच्या किंवा उद्योगपतीच्या मालकीचा क्लब नाही. स्पेनमध्ये १९९० च्या क्रीडाकायद्याने बहुतेक व्यावसायिक क्लबांना भागभांडवली कंपन्या व्हावे लागले. बार्सिलोना, रेआल माद्रिद, ॲथलेटिक बिल्बाओ आणि ओसासुना हे चार अपवाद सभासदांच्या मालकीचे राहिले. २०२१ मध्ये बार्सिलोनाचे सुमारे एक लाख चाळीस हजार सभासद होते. ते अध्यक्ष निवडतात, ताळेबंद सभेपुढे येतो, ठराव मंजूर होतात. सहकारी साखर कारखान्याच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला जो कोणी एकदा तरी मांडवात बसला आहे त्याला याहून अधिक समजावून सांगायला नको. अहवाल वाचायला सुरुवात होते न होते तोच मागच्या रांगांतून ‘मंजूर, मंजूर!’ असा गजर उठतो. विषयपत्रिकेवरचे बारा विषय बारा मिनिटांत संपतात. कर्ज अध्यक्ष काढतात, फेडायचे मात्र सभासदांच्या मुलांना असते, आणि मधल्या काळात अध्यक्ष बदललेले असतात. मालकी सर्वांची आणि जबाबदारी कोणाचीच नाही, हा सहकाराचा दोष नव्हे. मंजूर म्हणणाऱ्या घशाचा दोष आहे.

दूरवर बसलेले आम्ही तर सभासदही नाही. आम्हाला मत नाही, सभेचे आमंत्रण नाही. मग दोषात आमचा वाटा कसा? तो असा की या क्लबच्या उत्पन्नाचा मोठा भाग आता दूरच्या पडद्यांवरून आणि दूरच्या दुकानांतून येतो. ज्या अध्यक्षाला निवडणूक जिंकायची आहे तो जगभरच्या गजराकडे कान लावून असतो. नवा खेळाडू अंगरखा हातात धरून छायाचित्रासाठी उभा राहिला की आम्ही जो जल्लोष करतो, तोच मांडवातल्या मागच्या रांगांतला ‘मंजूर’ आहे. कुटिन्योला मंजूर, डेम्बेलेला मंजूर, ग्रिझमानला जरा कुरकुरत पण मंजूर. मेस्सीला जाऊ देण्याचा ठराव आमच्यापुढे आला तेव्हा आम्ही नामंजूर म्हणून ओरडलो. पण तो ठराव नव्हताच. ती आधीच्या ठरावांची बेरीज होती.

राहिले दुसरे पाठांतर: नियम जाचक. लीगची वेतनमर्यादा क्लबच्या उत्पन्नावरून आणि देण्यांवरून ठरते. २०१९-२० मध्ये बार्सिलोनाची मर्यादा ६७ कोटी युरोंच्या घरात होती. २०२१-२२ च्या आरंभी ती दहा कोटींच्याही खाली आली आणि २०२२ च्या फेब्रुवारीत उणे १४ कोटी ४० लाख झाली. उणे! म्हणजे मर्यादा ओलांडली एवढेच नव्हे, मर्यादाच जमिनीखाली गेली. लापोर्ता यांनी १६ ऑगस्ट २०२१ रोजी क्लबचे देणे १३५ कोटी युरो आणि निव्वळ मूल्य उणे ४५ कोटी १० लाख असल्याचे सांगितले. आधीच्या मंडळाने हे चित्र नाकारले. पण देणे शंभर कोटींहून अधिक होते याबद्दल फारसा वाद नव्हता. अशा संस्थेला आणखी एक मोठा करार नोंदवू न देणारा नियम जाचक म्हणायचा, तर ताप मोजणाऱ्या नळीलाही जाचक म्हणावे लागेल.

आणि नियमाचा हा राग किती प्रामाणिक होता तेही पाहू. त्याच ऑगस्टमध्ये लीगने एका गुंतवणूक कंपनीकडून २७० कोटी युरो घेऊन क्लबांत वाटण्याची योजना मांडली होती. बार्सिलोनाने ती नाकारली. कारण दिले गेले ते तत्त्वाचे: पन्नास वर्षांसाठी प्रक्षेपणाचे हक्क गहाण टाकणार नाही. आम्ही या बाणेदारपणाला मान डोलावली. पुरते वर्षही गेले नाही. ३० जून २०२२ रोजी लीगच्या प्रक्षेपण-उत्पन्नातला स्वतःचा १० टक्के वाटा आणि जुलैत आणखी १५ टक्के वाटा, पंचवीस वर्षांसाठी, एका अमेरिकी गुंतवणूक कंपनीला विकण्यात आला. पहिल्या विक्रीची तारीख पुन्हा पाहावी: आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवस. पाठोपाठ क्लबच्या चित्रनिर्मिती शाखेतला जवळजवळ अर्धा भाग विकला गेला. या व्यवहारांना ‘पालांका’ म्हणजे तरफ असे तालेवार नाव देण्यात आले. जमिनीचा तुकडा विकून लग्नाचा मांडव घालणाऱ्याला आपल्याकडे तरफ वापरणारा म्हणत नाहीत. त्या पैशातून चौतिशीकडे झुकलेल्या रॉबर्ट लेवांडोव्स्कीला चार वर्षांचा करार मिळाला, राफिन्या आणि कुंदे आले. आणि आम्ही? मंजूर, मंजूर.

आता आमच्या विरोधात जे सर्वांत बळकट बोलता येईल ते आम्हीच बोलतो, कारण प्रतिपक्षाचा मुद्दा लपवून जिंकलेला वाद आम्हाला नको. २०२२-२३ मध्ये बार्सिलोना लीग जिंकला. २०२४-२५ मध्ये लीग, राजाचा चषक आणि सुपर चषक असे तिन्ही जिंकला. राजाच्या चषकाच्या अंतिम सामन्यात माद्रिदविरुद्ध निर्णायक गोल कुंदेने केला, आणि त्या हंगामात राफिन्या ज्या तेजाने खेळला ते पाहून आम्ही आनंदाने वेडे झालो. हे दोघे तरफेच्या पैशातले. मग तरफ योग्यच होती ना?

आम्ही हे नाकारत नाही की त्या सह्यांतल्या काही फळल्या. परंतु उधारीवर घेतलेल्या बियाण्याचे पीक आले म्हणजे उधारी फिटली असे होत नाही; २०४७ पर्यंत त्या प्रक्षेपण-उत्पन्नातला चौथा भाग दुसऱ्याचा आहे. शिवाय त्याच संघात लामिन यमाल होता, जो २०२३ मध्ये पंधराव्या वर्षी मैदानात उतरला. कुबार्सी होता, जो सतराव्या वर्षापूर्वी उतरला. गावी, बाल्दे, फेर्मिन होते. ही क्लबच्या स्वतःच्या शाळेत घडलेली मुले. तिजोरी भरलेली असती तर यांच्या जागांवर आणखी दोन कुटिन्यो आले असते, अशी आमची दाट शंका आहे. दारिद्र्याने जे शहाणपण शिकवले ते श्रीमंतीत का सुचले नाही, हा प्रश्न विजयोत्सवातही विचारायला हवा. आणि शहाणपण पुरते शिकलो असे तरी कोठे? जानेवारी २०२५ मध्ये दानी ओल्मो आणि पाऊ व्हिक्टोर या दोघांची नोंदणी रखडली. करार झालेले, खेळाडू तंदुरुस्त, पण वेतनमर्यादेत जागा नाही, नव्या मैदानातल्या खास आसनांचे हक्क विकून ती जागा करण्याचा आटापिटा, लीगचा नकार, अखेर सरकारी क्रीडा परिषदेने तात्पुरती मुभा दिली तेव्हा ते खेळले. न बांधून झालेल्या मैदानातल्या खुर्च्या विकून आजचा मध्यरक्षक खेळवायचा, ही ती जुनीच रीत, फक्त नवा घसारा.

चांगला करार कसा असतो हे याच क्लबला ठाऊक नव्हते असेही नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये, म्हणजे उधळपट्टीच्या त्याच मोसमात, आंद्रेस इनिएस्ताला आजीवन करार देण्यात आला. त्याने राहायचे की जायचे हे त्याने ठरवावे, असा त्याचा अर्थ. सातआठ महिन्यांनी, चौतिशीच्या वळणावर, आपल्याकडून यापुढे संघाला पूर्ण देता येणार नाही असे ओळखून तो स्वतःच जपानला गेला. क्लबने त्याच्यावर विश्वास टाकला आणि त्याने त्या विश्वासाचा गैरफायदा घेतला नाही. निष्ठेला आकडा नव्हता, म्हणून ती निष्ठा राहिली.

तेव्हा पुढचा उन्हाळा येईल, नवा अंगरखा हातात धरून नवा मुलगा हसत उभा राहील, आणि आपला घसा शिवशिवू लागेल, त्या वेळी चाहत्याने तीन प्रश्न विचारावेत, एवढीच आमची मागणी आहे. करार किती वर्षांचा आणि शेवटच्या वर्षी खेळाडूचे वय किती? त्याच्या किमतीचा वार्षिक भार किती आणि तो कोणत्या उत्पन्नातून फिटणार? आणि सही करणाऱ्याची स्वतःची मुदत कधी संपते? हे प्रश्न रुक्ष आहेत, त्यांनी उन्हाळ्याची गंमत जाते, हे मान्य. पण ज्यांनी ते विचारले नाहीत त्यांची गंमत ८ ऑगस्ट २०२१ च्या दुपारी गेली, आणि ती अजून पूर्ण परतलेली नाही.

मेस्सीचा या क्लबशी झालेला पहिला लेखी शब्द १४ डिसेंबर २००० चा. तो तेव्हा तेरा वर्षांचा होता. वाटाघाटी रेंगाळल्या होत्या, आणि क्लबचे तांत्रिक काम पाहणारे कार्लेस रेशाक यांनी एका टेनिस क्लबात बसल्याबसल्या कागदी हातरुमालावर चार ओळी लिहून दिल्या. त्या ओळींचा आशय असा, की काहींचे मत विरुद्ध असले तरी या मुलाला घेण्याची बांधिलकी मी स्वतःच्या जबाबदारीवर स्वीकारतो. मे २०२४ मध्ये तो रुमाल लिलावात ७ लाख ६२ हजार ४०० पौंडांना विकला गेला. लोकांनी त्याला मेस्सीची आठवण म्हणून मोल दिले असेल. आम्हाला तो वेगळ्या कारणासाठी मोलाचा वाटतो. नंतरच्या जाडजूड करारांत शेकडो कलमे होती, निष्ठेचीही होती. ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ असे लिहिणारा मात्र आम्हाला त्या रुमालानंतर कोणी भेटला नाही.